डाव्या पुडीवरची कणीक

"पण बुवा, शौक कुठं संपला आणि व्यसन कुठं लागलं, हे ओळखायचं कसं?"

भानुदास पखवाजी मठाच्या ओसरीवर ऐसपैस मांडी घालून बसला होता. शेजारी गवसणीतला पखवाज. समोर त्याचे गुरू दयार्णवबुवा सुपारी कातरत होते.

अडकित्ता थांबला.

"प्रश्न झकास आहे," बुवा म्हणाले. "मलाही नीटसं ठाऊक नाही. तुला काय वाटतं?"

भानुदासला वाटण्यापेक्षा हवं होतं जास्त. त्याची बायको कौसल्या माहेरी निघून गेली होती. जाताना म्हणाली होती, "गांजाचं काळजी करण्यासारखं काही नाही असं बुवांनी सांगितलं, तर परत येईन. एरवी नाही." बुवांनी तेवढं म्हणावं, म्हणून स्वारी आली होती.

"मी झिंगत नाही," तो सांगू लागला. "कुणावर हात उचलत नाही. बिदागी घरी देतो. चिलीम ओढून बसलो तरी एक मात्रा इकडची तिकडे होत नाही. उलट हात मोकळा चालतो. मग अडलं कुठं?"

अशी वकिली त्यानं घरीही केली असणार.

"खरंच, कुठं अडलं?" बुवांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"तुमची सुपारी, तशी माझी चिलीम!"

बुवांनी हातातल्या खांडाकडे निरखून पाहिलं. "हिचंही बघायला हवं," म्हणाले, आणि ते खांड बाजूला ठेवलं.

"वाजव बरं जरा. ऐकू या."

भानुदास खुलला. वाजवणं म्हणजे त्याचा हुकमी एक्का.

बुवांनी स्वयंपाकघरातून वाटीभर भिजवलेली कणीक आणली. पखवाजाच्या डाव्या पुडीवर वाजवण्याआधी ताजी कणीक थापतात, तेव्हा नाद घुमतो. वाजवून झालं की ती लगेच काढायची. राहिली तर वाळते आणि कातडं खराब करते. बुवांकडे पहिला बोल मागाहून, हे आधी शिकवत.

भानुदासनं ऐटीत गवसणी सोडली.

हात तिथंच राहिला.

डाव्या पुडीवर जुनी कणीक होती. वाळून टणक झालेली, भेगाळलेली. भेगांतून मुंग्या फिरत होत्या.

…

"ही कधीची?" बुवांनी वाकून पाहिलं.

"मागच्या द्वादशीच्या कीर्तनाची… कीर्तन उरकलं, मंडळी बसली, चिलीम फिरली. म्हटलं, सकाळी काढू."

"आणि सकाळी?"

भानुदास बोटानं मुंग्या झटकू लागला.

"इथं शिकत होतास तेव्हा एकदा तापानं फणफणला होतास. उभं राहवत नव्हतं. तरी कणीक काढल्याशिवाय आडवा झाला नाहीस. आठवतं?"

आठवत होतं. आपलीच त्याला भयंकर लाज वाटली, आणि भीतीसुद्धा. तो घाईघाईनं नखांनी कणीक ओरबाडू लागला.

"आजपासून बंद, बुवा! तुमच्या पायाशपथ. चिलीम सुटली म्हणून कौसल्येला निरोप धाडा."

बुवांनी त्याचं मनगट धरलं.

"नखानं नको. कातडं फाटेल."

त्यांनी खांद्यावरचा पंचा तांब्यातल्या पाण्यात बुडवला, पिळला आणि पुडीवर पसरला. मग दोघंही कणीक मऊ व्हायची वाट बघत बसले.

…

"निरोप धाडतो," पंचा उचलून बघत बुवा म्हणाले. "पण चिलीम सुटली असा नाही."

"मग कसा?"

"भानुदासाला कणीक दिसली, एवढाच."