टवका उडालेला कोपरा

"दुसऱ्याची यंत्रं खोलून बघायची, हे कसलं शिक्षण? ही तर कॉपीची शाळा! बंद करा ही प्रयोगशाळा!" कॉलेजचे अध्यक्ष आबासाहेब ढमढेरे मुलांसमोरच गरजले. स्वतः पंपांचे कारखानदार; आपला नवा पंप त्यांनी टेबलावर आदळला. "याला म्हणतात स्वतःच्या डोक्यातलं डिझाइन!"

रिव्हर्स इंजिनिअरिंग शिकवणारे खरवंडीकर सर खुर्चीतून जडपणे उठले. हाच वाद घालून घालून त्यांचे केस पिकले होते. त्यांनी पंपाच्या बिडाच्या झाकणावरून बोट फिरवलं.

"आबासाहेब, हा कोपरा तुटका का?"

"तुटका नाही, मुद्दाम तसाच ओतलाय. आमच्या प्रत्येक पंपाला असतो!"

सरांनी कपाटात धूळ खात पडलेला परदेशी पंप काढून शेजारी ठेवला. झाकण, भोकं, बोल्ट, सगळं तंतोतंत तेच. फक्त कोपरा शाबूत.

मुलं हसू दाबू लागली.

"तुम्हाला मिळालेल्या नमुन्याचा टवका उडालेला असणार," सर दमलेल्या आवाजात म्हणाले. "कॉपी करणारा टवकाही उतरवून घेतो. आम्ही मुलांना 'हे असं का?' एवढंच विचारायला शिकवतो. बाकी तुमचं म्हणणं मान्य, आबासाहेब. एवढा कोपरा तुमचा स्वतःचा."