कांगारूची पिशवी आणि अंजिराचं झाड

"अंजिराचं झाड आजच तोडा!" सर्जेराजांनी हुकूम सोडला. "आमच्या कांगारूला उड्या मारायला बाग अपुरी पडते!"

दूरदेशीच्या व्यापाऱ्याने ही कांगारू नजर केल्यापासून राजवाड्यात दुसरा विषयच नव्हता. पोटाला पिशवी, पिशवीत पिल्लू! राणीसाहेबांनी तर लेकुरवाळी म्हणून तिची ओटीसुद्धा भरली होती. पिल्लाने ओटीतला नारळ बाहेर ढकलला, तो प्रधानजींच्या पायावर पडला, तरी कौतुक काही कमी झालं नाही.

माळ्याची लेक हौसा कुऱ्हाडीपुढे उभी राहिली. "महाराज, या झाडावर शिंपी पाखराचं घरटं आहे. तीन पिल्लांनी अजून डोळेसुद्धा उघडले नाहीत!"

"ते अंगठ्याएवढं पाखरू?"

"गातं छान, महाराज. पहाटे तुम्हाला जाग त्याच्यामुळेच येते."

"म्हणूनच आमची झोप पुरी होत नाही!" राजे म्हणाले. दरबारी खिदळले. "त्याच्यासाठी आमच्या कांगारूने सरकायचं? पटवून दे! पण आम्ही स्वतःशिवाय कुणाचंच म्हणणं मानत नाही, हे ध्यानात ठेव!"

राजांना पटवणं तर प्रधानजींनाही कधी जमलं नव्हतं. हौसाने परकर खोचला.

"मग तुम्हीच बोला, महाराज. कांगारूचं कौतुक तुमच्याच तोंडून ऐकावं!"

राजे खुलले. "एका उडीत हौद पार करते! आणि ती पिशवी! पिल्लाचं घर सदा बरोबर. नेऊ तिथे तिचा संसार सुखाचा!"

"आणि ही शिंपीण?" हौसाने फांदी अलगद वाकवली. पानं टाचून केलेली इवलीशी पिशवी, आत कापूस, कापसात तीन उघड्या चोची.

राजे वाकून बघतच राहिले. "अगं, हिनेही पिशवीच शिवली की! टाके तर बघ!" मग त्यांना कांगारू आठवली. "पण आमच्या कांगारूची सर नाही हो! हिला घर कुठे हलवता येतं? झाडालाच शिवलेलं. झाड गेलं की सगळं गेलं!"

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" हौसा दरबाऱ्यांकडे वळली. "महाराज स्वतः म्हणाले! एकीचं घर नेऊ तिथे जातं, दुसरीचं झाडाला शिवलेलं. मग महाराज, सरकायचं कुणी?"

राजे पोट धरून हसू लागले.

"पोरी, आमच्याच तोंडाने हरवलंस की आम्हाला! कांगारूला तळ्याकाठच्या कुरणात न्या रे! आणि हे झाड आजपासून हौसाचं, अंजिरांसकट!"

"आणि पहाटेचं गाणं, महाराज?"

"तेही तुझंच! आम्ही खिडकी लावून घेऊ!"