पोखरलेली फांदी

ओढ्यावर पूल नव्हता तेव्हाची गोष्ट. काठच्या बाभळीवर सुगरण पक्ष्यांच्या दोन वस्त्या होत्या, एक वरच्या फांदीवर, एक खालच्या. भिंगरी वरच्यांची पुढारीण.

एकदा खालच्या वस्तीतला म्हातारा तांबू वर आला. म्हणाला, "तुमची फांदी किड्यांनी आतून पोखरलीय. भुसा आमच्या घरट्यांवर पडतोय. एकदा येऊन बघा तरी."

"खालच्यांना आमची उंची खुपते!" भिंगरी कडाडली. सगळ्यांनी पंख फडफडवून तिला दाद दिली. किड्यांनी पाडलेलं भोक दोन हातांवर होतं. जाऊन बघावं असं तिला वाटलंही, पण एवढं बोलून झाल्यावर जाणार कशी?

तिसऱ्या दिवशी वारा सुटला आणि फांदी मोडली. वरच्यांची सगळी घरटी अंड्यांसकट ओढ्यात गेली, भिंगरीचंही गेलं.

"खालच्यांनीच कुरतडली!" असा गलका उठला. भिंगरी मोडक्या खुंटापाशी गेली. आतली पोकळी तिने तेव्हा पहिल्यांदा पाहिली. परत येऊन ती म्हणाली, "तांबू खरं सांगत होता. चला, तुम्हीही बघा."

कोणी जागचं हललं नाही. तिची सख्खी बहीण तेवढी जवळ आली आणि हळूच म्हणाली, "ताई, खालच्यांनी तुला काय दिलं गं?"