आल्दोन्साने कोरलेलं गाव

आपल्या आजोबांच्या आजोबांचाही जन्म झाला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. दूर स्पेन देशात, द्राक्षमळ्यांच्या टेकडीवर आल्कोरेदा नावाचं गाव होतं आणि गावाच्या माथ्यावर गावाचं कॅथेड्रल, म्हणजे बिशपांचं मोठं चर्च. मधाच्या रंगाचा दगड, फांद्यांसारख्या उंच जाऊन एकमेकींना भेटणाऱ्या कमानी आणि पश्चिमेला रंगीत काचांची गोल खिडकी. संध्याकाळी तिच्यातून ऊन आत आलं की फरशीवर कुणी डाळिंबं फोडून ठेवलीत असं वाटे, असं म्हणतात.

पण ते बघायला आत कुणी जात नसे. बांधकाम चालू असताना एकदा छत कोसळलं होतं आणि दोन गवंडी त्याखाली गेले होते. छत पुन्हा बांधलं, पहिल्याहून भक्कम बांधलं, तरी गावाच्या मनातली भीती गेली नाही. लोक बाहेर अंगणात प्रार्थना करत, पाऊस आला तर भिजत, पण उंबरठा ओलांडत नसत.

शेवटी बिशप कंटाळले. त्यांनी सांगून टाकलं, की द्राक्षं उतरवायच्या सणाला गाव आत येऊन बसलं नाही, तर हे कॅथेड्रल पाडू आणि त्याच्या दगडांचा नदीवर पूल बांधू. गाव हळहळलं. पण आत गेलं नाही.

आत एकच बाई असे. ती आल्दोन्सा, परगावाहून आलेली, लाकडावर कोरीव काम करणारी. वेदीमागची उंच भिंत अक्रोडाच्या लाकडाने मढवून तिच्यावर येशूच्या जन्माची कथा कोरायची, हे तिचं काम. बाई मोठ्याने गाणारी, मोठ्याने हसणारी. त्या छताखालीच जेवायची, तिथेच दुपारची डुलकी काढायची. बिशपांचं बोलणं ऐकून मात्र ती चरकली. मूर्ती उभ्या होत्या, त्यांचे चेहरे कोरायचे बाकी होते. तिने ठरवलं, चेहरे या गावचेच काढायचे.

मग बाजारात गेली की ती सहज बोलल्यासारखं एकेकाचं नाव घेऊ लागली. तेयो लोहाराला कळलं, की आपण बाळ येशूला बघायला आलेले दूरदेशीचे एक राजे झालो आहोत आणि आपल्या डोक्यावर मुकुट आहे. तो दोन दिवस कॅथेड्रलच्या दाराबाहेर उभा राहून मान उंचावून बघत होता. तिसऱ्या दिवशी त्याला राहवेना. तो धावत आत गेला, धावतच बाहेर आला आणि म्हणाला, मुकुट जरा वाकडा बसलाय. मग काय, रांग लागली. चांभाराला देवदूताचे पंख मिळाले म्हणून त्याची बायको आठवडाभर हसत होती. पण सगळे पळत जात, पळत येत. आत थांबत कुणी नसे.

आणि उर्राका तर दाराशीही येत नसे. ती गावची पाव भाजणारी. कोसळलेल्या छताखाली गेलेल्या गवंड्यांपैकी एक तिचा बाप होता.

ती आल्दोन्साला म्हणाली, "ते छत माझ्या बापाच्या अंगावर पडलंय. मला तिथं बोलावू नकोस."

आल्दोन्साने बोलावलं नाही. ती रोज पाव घ्यायला यायची आणि एवढंच विचारायची, की तुझा बाप दिसायला कसा होता. कणीक मळता मळता उर्राका सांगायची. हसताना त्याचा डावा डोळा मिटायचा. नाकावर लहानपणीच्या खोकेचा व्रण होता. टोपी कायम मानेवर घसरलेली.

सणाच्या आदल्या दिवशी तेयो पुन्हा आपला मुकुट बघायला गेला आणि या वेळी पळत नाही, चालत बाहेर आला. त्याने उर्राकाच्या भट्टीपाशी जाऊन हळूच सांगितलं, की भिंतीवरल्या मेंढपाळांच्या घोळक्यात तुझा बाप उभा आहे.

उर्राका पिठाच्या हातांनीच उठली. ती आत गेली. लोक बाहेर जमले. ती येईना. खिडकीतून ऊन उतरलं, फरशीवर पसरलं, तरी ती येईना. मग ती दारात आली. डोळे ओले होते आणि ती हसत होती.

"आत चला," ती म्हणाली. "बाबा आहेत तिथं."

दुसऱ्या दिवशी सगळं गाव आत बसलं. प्रार्थना चालू असताना बाहेर वादळ सुटलं. वर कुठेतरी कमान करकरली, धूळ खाली आली. उर्राका जागची हलली नाही, म्हणून कुणीच हललं नाही. तेव्हा लाकडातल्या राजांनी, मेंढपाळांनी, देवदूतांनी एकदम माना वर करून छताकडे पाहिलं आणि करकर थांबली, असं म्हणतात. परगावचे जाणकार सांगतात, की त्या माना कोरतानाच वर कोरलेल्या असणार. आल्कोरेदातले लोक त्यांच्याशी वाद घालत नाहीत. त्यांना पाव खायला देतात.

आजही त्या गावात मूल जन्मलं, की त्याला त्या भिंतीपुढे उचलून धरतात. हे तेयोवर गेलंय की चांभारावर, म्हणून शेजारीपाजारी तावातावाने भांडतात आणि मग एकत्र जेवतात. आल्दोन्साने स्वतःचा चेहरा मात्र कुठेच कोरला नाही. त्यामुळे एखादं मूल भिंतीवरल्या कुणासारखंच दिसेना, तर सगळे खूश होतात. हे आल्दोन्सावर गेलंय, म्हणतात, आणि त्या घरचे लोक गावभर बदामाची मिठाई वाटतात.