न वाकता धरलेला पट्टा

एका राज्यात देवाला वाकल्याशिवाय कुणी शस्त्राला हात लावत नसे. तालमीत पाऊल टाकायचं, कुस्तीच्या हौद्यातली तांबडी माती कपाळाला लावायची, देवळीतल्या रणाईच्या तांदळ्यापुढं डोकं टेकायचं, मग दांडपट्टा उचलायचा. तांदळा म्हणजे काय, तर शेंदूर फासलेला अनघड दगड. ना नाक, ना डोळे. पण धाक असा, की भल्याभल्या मल्लांची मिजास चपलांसारखी उंबऱ्याबाहेर राही.

तालमीचा वस्ताद रंगोजी. त्याची लेक सगुणा, राज्यात पट्टा फिरवण्यात तिच्यावर ताण करील असा कुणी नव्हता. तिच्या पाठचा भाऊ जिवाजी. बहीण पट्टा फिरवी आणि भाऊ पुढं उभा राहून तळहातावर लिंबू धरी, असा दोघांचा जोड होता.

राजा कीर्तिसेन एक लढाई हरला. हरलेला राजा आणि दुखरी दाढ, दोन्ही घरादाराला झोपू देत नाहीत. तो काळ्या डोंगरात धूमाक्ष मांत्रिकाकडे गेला. धूमाक्षाच्या ठेव्यात एक सोन्याची तलवार होती. ती कधी हरत नसे.

"मोल काय?" राजानं विचारलं.

"तुझ्या तालमीतला देव," धूमाक्ष म्हणाला.

विनाशकाले विपरीत बुद्धी! राजा हो म्हणाला. "देव चराचरात आहे, वस्ताद. एक धोंडा गेल्यानं कुठं जातो?" असं त्यानं रंगोजीला समजावलं. रंगोजीला पटलं नाही. पण तो पडला खाल्ल्या मिठाला जागणारा. त्यानंच तांदळा डोक्यावर घेतला, डोंगरात पोचवला, तलवार आणून देवळीत उभी केली.

"आबा, हे बरं नव्हे," सगुणा म्हणाली.

"राजाज्ञा आहे, पोरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी राजाच्या हुकमानं सारी तालीम तलवारीपुढं उभी राहिली. सगुणा रुसून बाहेर पिंपळाखाली बसली. जिवाजी तिची समजूत काढायला गेला. म्हणून ती दोघं वाचली. आत चाळीस जण एकदम वाकले, "जय दे" म्हणाले, आणि वाकल्या जागी दगड झाले. सगळ्यांत पुढं रंगोजी होता. त्याचं कपाळ जमिनीपासून चार बोटांवर राहिलं.

त्या दिवसापासून राज्यात शस्त्र धरताना जो वाकला तो दगड झाला. मग लोक वाकेनासे झाले. तर त्याचंही निराळंच! न वाकता शस्त्र धरलं, की उगारलेला हात थांबेना. सरावातला वार मानेपाशी रोखायचा, तो मान घेऊन जाई. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. आणि तिकडं शत्रू सीमेवर आलेला. त्या सोन्याच्या तलवारीला हात लावायची तर आता कुणाचीच छाती नव्हती. राजानं दवंडी पिटवली, "कुणी वाकू नका, सराव सोडू नका."

सगुणानं पट्टा चढवला. जिवाजीनं तळहातावर लिंबू ठेवलं. हा खेळ त्यांनी हजार वेळा केला होता. लिंबाच्या दोन फोडी होत आणि तळव्याला ओरखडा नसे. तिचा हात चुकायचा नाही, असा दोघांना भरवसा होता. त्या दिवशी मात्र ती वाकली नाही. दगड होण्याचं भय वाटलं तिला. खरं सांगायचं तर कुणाला वाटलं नसतं? लिंबू कापलं गेलं आणि हात पुढं गेला. एकदा गेला, फिरून दुसऱ्यांदा गेला.

"अक्का, थांब की गं," एवढंच जिवाजी बोलला, आणि गेला.

सगुणानं पट्टा धुतला. पण काही केल्या तो हातातून उतरेना. तिला स्वतःच्या हाताची किळस आली होती. त्याच हातानं ती भाकरीही खाईना.

तिसऱ्या दिवशी तालमीच्या भिंतीवर टिटवी येऊन बसली. टिटवी अशुभ म्हणतात. अशुभ घडून गेलेल्या घराला तिचं आणखी काय भय?

"बाई, तांदळा परत आण," टिटवी म्हणाली.

"कसा आणू?"

"तीन कामं आहेत. मार खायचा, मारायचं नाही. उभं राहायचं, हलायचं नाही. आणि शेवटी वाकायचं."

"वाकले तर मी दगड होईन."

"होशीलही," टिटवी म्हणाली आणि उडाली. पाखरं गोड बोलत नाहीत, हे त्यांचं बरं असतं.

सगुणा निघाली. काळ्या डोंगराच्या पायथ्याशी एक आंधळा मल्ल लाठी घेऊन उभा होता. तो म्हणाला, "शंभर टोले खाशील तर वाट देईन. एक परतवलास तर वाट मिटेल." सगुणानं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि पाठ पुढं केली. टोले लागतात त्याचं एवढं नाही हो. पण प्रत्येक टोल्याची तोड तिला पाठ होती. अंग आपसूक वळू बघे, मनगट उसळू बघे. जन्मभर शिकलेलं सारं तिला आत दाबून ठेवावं लागलं. शंभर झाले. मल्लानं लाठी टेकली आणि वाट उघडली.

वर एक कडा होता, हातभर रुंद. तिथं पवित्रा घेऊन सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत उभं राहायचं होतं. ऊन चढलं, पायांना मुंग्या आल्या. तेवढ्यात मागून हाक आली, "अक्का, मागं बघ. मी आलोय." आवाज जिवाजीचाच होता, "अक्का" म्हणताना जरा लाडात ओढण्याची लकबही तीच. दिवसभर हाक येत राहिली. रडायला मनाई नव्हती. ती दिवसभर रडली, पण पाय हलवला नाही. सूर्य मावळला तेव्हा हाक थांबली, आणि थांबली याचंच तिला जास्त दुःख झालं.

सकाळी ती गुहेत शिरली. धूमाक्ष मांडी घालून बसला होता. पुढ्यात रणाईचा तांदळा, आणि त्यावर तो कसलीशी मुळी वाटत होता. देवाचा त्यानं पाटा केला होता!

"ने उचलून," धूमाक्ष म्हणाला. "पण उचलायला वाकावं लागेल. पट्टा तुझ्या हातात आहे. वाकशील तर दगड होशील."

"ठाऊक आहे."

"तर मग दुसरं ऐक. तांदळा इथंच राहू दे, आणि तुझा भाऊ घेऊन जा. जिताजागता."

मांत्रिक खोटं बोलत नसे. हेच त्याचं सर्वांत वाईट होतं. गुहेच्या तोंडाशी जिवाजी उभा राहिला. अंगावर जखम नव्हती. बहिणीकडं बघून हसला.

सगुणाचा जीव गलबलला. किती हवा होता तो तिला, म्हणून सांगू! धावत जाऊन त्याला पोटाशी धरावं, घरी न्यावं, जेवू घालावं. पण कुठल्या घरी? जिथं आबा दगड होऊन वाकला आहे तिथं? आणि पुन्हा कुणासमोर? तर जो थांबत नाही त्याच हातासमोर. गावोगाव किती भाऊ, किती बाप तसेच उभे असतील. तिनं जिवाजीकडं डोळे भरून पाहिलं.

"माफ कर रे," ती म्हणाली, आणि तोंड फिरवून वाकली.

आजवर वाकताना तिनं जयच मागितला होता. सगळेच तो मागत. त्या दिवशी ती म्हणाली, "आई, मला जय नको. एवढा माझा हात धर."

पायांपासून दगड चढू लागला. गुडघे गेले, कंबर गेली, छाती गेली. गळ्यापाशी येऊन दगड थांबला. मग मल्लाच्या अंगावरची वाळली माती झडावी तसा झडून गेला. शाप जय मागण्याला होता, वाकण्याला नव्हता. देव सुटला तशी धूमाक्षाची जागच्या जागी ओंजळभर राख झाली. गुहेच्या तोंडाशी कुणी नव्हतं.

सगुणानं तांदळा डोक्यावर घेतला आणि घरी आली. देवळीतली तलवार सोन्याची, पण तिचाही तोवर गंजून चुरा झाला होता. राजा कीर्तिसेन अनवाणी आला. त्यानं तो चुरा आपल्या हातांनी झाडून काढला. तांदळा जागेवर बसला आणि चाळीस कपाळं एकदम जमिनीला टेकली. पुढं त्या मंडळींनी शत्रूला सीमेवरूनच परत लावलं. जेवढे वार लागले तेवढेच केले, आणि शरण आला त्याच्यावर हात उचलला नाही.

पण ते नंतर. आधी रंगोजी उठला. त्यानं तांदळा पाहिला, हसला, इकडंतिकडं बघितलं.

"जिवाजी कुठाय? तुझी समजूत काढायला गेला होता ना?"

"आबा, तो माझ्या हातून गेला. मी वाकले नव्हते."

रंगोजी खाली बसला. पोरांनी पाणी आणलं, ते त्यानं घेतलं नाही.

"तांदळा मी नेऊन दिला होता, पोरी," अखेर तो म्हणाला. "आधी माझा हात, मग तुझा."

सगुणानं पट्टा उतरवून त्याच्या पायांशी ठेवला. "आबा, मला हा नको. जन्मात नको."

"उद्या सकाळी तालीम भरेल. हात रोखायला कोण शिकवील त्यांना?"

"या हातानं शिकवू? या हातानं?"

"याच हातानं," रंगोजी म्हणाला. "दुसरा कुठून आणशील?"

ती खूप रडली. बाप शेजारी बसून राहिला. सकाळी तालीम भरली. सगुणा हौद्यात उतरली, वाकली, आणि सगळे उठले तरी बराच वेळ तिनं कपाळ उचललं नाही. कुणी तिला घाई केली नाही.

मग राज्यात सारं पहिल्यासारखं झालं, असं म्हणायची रीत आहे. झालंही, एक घर सोडून. शाप सुटला तो सगळ्यांचा सुटो, आणि तिला भोगावं लागलं ते ऐकणाऱ्या कुणाच्या वाट्याला न येवो.