न वाजलेला फोन

एकदा एका वृद्ध डॉक्टरांच्या दवाखान्यात सकाळपासून लगीनघाई चालली होती. डॉक्टरांची एक शिष्या वर्षभर त्यांच्या हाताखाली शिकत होती. पुढे दवाखाना तिनेच चालवावा, असे दोघांच्याही मनात होते. तिने शहरातल्या एका व्यापाऱ्याकडून मोठ्या कचेरीने काढून टाकलेले दोन संगणक स्वस्तात मिळवले होते. "खोकं जुनं, पण आतला माल नवाकोरा," असे ते बसवायला आलेला व्यापारी छातीठोकपणे सांगत होता. डॉक्टरांचा फोन नंबरही त्याने संगणकाला जोडून दिला होता. शिष्येचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. डॉक्टर मात्र म्हणाले होते, "आजचा दिवस चालवून बघू. ठेवायचं की परत करायचं, ते संध्याकाळी सांगतो." त्यामुळे तिच्या आनंदात धाकधूकही होती.

थोड्याच वेळात फोन वाजू लागला. एक रिंग वाजे आणि बंद पडे. शिष्या धावत जाई, तोवर सारे शांत. हे तिला नवे नव्हते. गुरूंच्या खिशातला फोनही असाच वाजायचा, आणि ते तो नुसता बघून परत खिशात टाकायचे. लोकांना पैसे वाचवायची खोड, दुसरे काय, असे म्हणून तिने व्यापाऱ्याला उपाय विचारला.

"मॅडम, हे तर चुटकीसरशी होईल," व्यापारी म्हणाला. "एका रिंगमध्ये तुटणारा फोन वाजणारही नाही आणि त्याची नोंदही राहणार नाही."

तशी सोय झाली. मग काय विचारता. कामाला असा वेग आला की बाकांवरचे रोगी दुखणे विसरून पडद्याकडे बघू लागले. जुने आजार, जुनी औषधे, सारे बोटाच्या टोकावर. सकाळीच मधमाश्या चावलेला भिवा धनगर येऊन गेला होता. त्याचे ओठ सुजले होते, अंगभर गांधी उठल्या होत्या. डॉक्टरांनी इंजेक्शन दिले, सूज उतरेपर्यंत बसवून ठेवले आणि निघताना त्याला काहीतरी बजावले. संगणकाच्या नादात शिष्येने ते ऐकले नाही.

दुपार झाली तशी डॉक्टरांनी विचारले, "भिवाची रिंग आली का गं?"

"नाही सर. आता तसले फोन वाजतच नाहीत," ती अभिमानाने म्हणाली.

डॉक्टरांचा चेहरा पडला. त्यांनी भिवाला फोन लावला, पण तो लागेना. मग त्यांनी जे केले ते पाहून सगळे चाट पडले. त्यांनी औषधांची पेटी उचलली, बाकांवरच्या लोकांना थांबायला सांगितले आणि भरला दवाखाना सोडून ते व्यापाऱ्याच्या गाडीत जाऊन बसले. शिष्येलाही त्यांनी हाक मारली. आपली सारी हौस फुकट गेली, असे वाटून तिच्या डोळ्यांत पाणी आले.

वस्तीवर भिवा दारात बसून निवांत भाकरी खात होता.

"डाक्तर, तुमी हिकडं कसं?" तो उठत म्हणाला. "म्या तर टेकावर रेंज घावली तवाच रिंग दिली की."

परतीच्या वाटेवर डॉक्टर म्हणाले, "मी ते फोन उचलत नव्हतो, म्हणून तुला ते बिनकामाचे वाटले. अगं, एक रिंग म्हणजे 'मी बरा आहे'. त्याला उत्तर कशाला हवं? ज्याची रिंग आली त्याची काळजी मी सोडायचो, आणि ज्याची यायची नाही त्याच्या घरी जायचो. मधमाशीचा त्रास गेला असं वाटतं आणि काही तासांनी उलटतो. आज आपण धडधाकट माणसाकडे धावलो, ते परवडलं. पण सगळेच फोन गप्प केल्यावर खरा अडलेला कोण, हे कसं ओळखायचं?"

शिष्या खजील झाली, पण क्षणभरच. एकदम ताठ बसून ती म्हणाली, "सर, तुम्ही मनात ठेवता ते पडद्यावर ठेवता येईल. रिंग द्यायला सांगितलेल्याचं नाव लाल. रिंग आली की हिरवं."

"होईल की मॅडम," म्हणत व्यापाऱ्याने उत्साहाच्या भरात गाडी खड्ड्यात घातली.

डॉक्टर तिच्याकडे वळले. "हल्ली मला एखादं नाव विसरायला होतं," ते हळूच म्हणाले. "कोणाला सांगायचं धाडस झालं नव्हतं."

दवाखान्यात परतल्यावर व्यापाऱ्याने तशी सोय केली आणि डॉक्टरांनी नावे सांगितली. संध्याकाळी फोन पुन्हा तुटक तुटक वाजू लागला. रिंग आली की एक नाव हिरवे होई आणि तिघेही लहान मुलांसारखे पडद्यावर वाकत. शेवटी एकच नाव लाल उरले. दम्याच्या शेवंताबाई.

"मग डॉक्टर, संगणक ठेवायचे ना?" व्यापाऱ्याने विचारले.

शिष्येला ते ऐकूच आले नाही. शेवंताबाई फोन उचलत नाहीत असे दिसताच ती पायांत चपला सरकवून त्यांच्या घराकडे निघालीदेखील होती.

"संगणक ठेवू," डॉक्टर तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत म्हणाले, "आणि दवाखाना तिच्या हाती देऊ."

नवी सोय बसवण्यापूर्वी, जुन्या गैरसोयीवर कोण विसंबून होते, एवढे विचारून घ्यावे.