महाराजांचा कान आणि चौदा हजारांचा डबा

“ती टणटण बंद करा! नाहीतर भट्टी उचला!”

हुकूम ऐकला आणि हैबती कुंभाराच्या हातातलं मडकं खाली पडून फुटलं. मडकं चांगलं होतं बिचारं.

भानगड अशी. निंबोळगडचं राज्य जाऊन जमाना झाला, फक्त ते महाराज रणधीररावांना कुणी कळवलं नव्हतं. भट्टीची जागा मात्र खरंच त्यांची. आता राज्य नाही म्हटल्यावर दिवसभर करायचं काय? महाराज गाणी ऐकायचे. साधीसुधी नाही हां! परदेशातून मागवलेल्या हाय-रेझोल्यूशन डिस्क! म्हणे त्यात गाणाऱ्याने आवंढा गिळलेलाही ऐकू येतो. कुणाला हवाय तो आवंढा, देव जाणे!

आणि ऐन आवंढ्यालाच शेजारी हैबतीची पोरगी बकुळा मडकी तपासायला बसायची. टिचकी मारायची. टण वाजलं, मडकं चांगलं. थप वाजलं, कुठेतरी तडा.

हुकूम ऐकून बकुळा तडक राजवाड्यात!

“महाराज, टिचकी न मारता मडकं विकलं आणि घरी जाऊन गळलं, तर गिऱ्हाईक आमच्याच डोक्यावर फोडेल!”

“तुला आवाजातलं काय कळतं गं?”

“तेवढंच कळतं, महाराज.”

झालं! महाराज पेटले. शेजारी दिवाणजी एक खोकं बांधत होते. त्यात सहा लाखांचा डिस्क प्लेअर. परत चालला होता. वर्षातला पाचवा!

“मग तूच आण माझ्यासाठी प्लेअर!” महाराज गरजले. “वीस हजारांच्या आत! माझी प्रत्येक डिस्क त्यात वाजली पाहिजे. आणि मला त्याच्या आवाजात एकसुद्धा खोट सापडता कामा नये! आठ दिवस देतो. खोट सापडली, की भट्टी उचलायची!”

दिवाणजी मिशीत हसले. सहा लाखांच्या प्लेअरमध्ये महाराजांनी नाश्त्याआधीच तीन खोटी काढल्या होत्या.

पहिल्या दोन अटी सोप्या निघाल्या. बकुळा डिस्कची पिशवी घेऊन शहरातल्या दुकानात गेली. दुकानदार सोनेरी बटणांचे प्लेअर दाखवायला लागला.

“बटणं ऐकायची नाहीत हो, दादा. डिस्क घाला!”

चौदा हजारांच्या एका काळ्या डब्याने सगळ्या डिस्क मुकाट्याने वाजवल्या. गाणं छान, आवाज साफ. बकुळाने तोच उचलला.

पण तिसरी अट? बकुळा गेली राणीसाहेबांकडे. राणीसाहेब दर उन्हाळ्यात तिच्याकडूनच माठ घ्यायच्या. डोळे मिटून टिचकी मारायच्या, आवाज पटला की मग किंमत विचारायच्या.

“ह्यांचं उलटं असतं,” राणीसाहेब म्हणाल्या. “आधी किंमत विचारतात, मग त्या मापाने ऐकतात. मी लग्नाआधी बारा वर्षं गाणं शिकले, बकुळा. वीस वर्षांत एकदा ‘गा’ म्हणाले नाहीत! माझ्यावर किमतीची चिठ्ठी नाही ना!”

बकुळाचे डोळे चमकले.

आठव्या दिवशी दिवाणखान्यात दोन पडदे. दिवाणजी, आचारी, माळी, सगळे हजर.

“किंमत?” महाराजांनी बसायच्या आधीच विचारलं.

“एक चौदा हजारांचा. दुसऱ्याला किंमतच नाही, महाराज. अख्ख्या जगात तसा एकच! कोणता कुठे, ते ऐकून ओळखा. माठ घेताना ओळखतात तसं.”

डावीकडून गाणं सुरू झालं. एक बाई, एक तानपुरा. महाराजांनी डोळे मिटले.

“अहाहा! हाच तो अनमोल! काय खोली! काय गोडवा! ह्यात कुणी एक खोट काढून दाखवा!”

मग उजवीकडून. तसाच तानपुरा, तेच गाणं. महाराजांचं नाक लगेच वर.

“पुरे, पुरे! हा तुमचा चौदा हजारांचा डबा! आवाज किनरा! वरचा सूर थरथरतोय! आणि मधेच दम लागतोय ह्याला. आठवड्यात बंद पडेल!”

तानपुरा थांबला. पडदा आतूनच सरकला.

“दम लागतो मला?” राणीसाहेबांनी विचारलं.

दिवाणजी छताकडे बघायला लागले. आचारी म्हणाला, “दूध उतू जातंय वाटतं,” आणि पळाला.

बकुळाने हळूच डावा पडदा ओढला. मागे स्पीकरला जोडलेला काळा डबा.

“चौदा हजारांचा, महाराज! खोट सापडली नाही. उलट ‘काढून दाखवा’ म्हणालात, सगळ्यांनी ऐकलंय!”

महाराज पगडी सावरायला लागले. “पण… पण उजवीकडे मला ज्या खोटी सापडल्या…”

“त्या कुठे आहेत, तेवढं तुम्हीच सांगा. राणीसाहेबांच्या गळ्यात, का तुमच्या कानात?”

महाराजांनी राणीसाहेबांकडे बघितलं. राणीसाहेबांनी तानपुरा मुसळासारखा धरला होता.

“कानात!” महाराज ओरडले. “दोन्ही कानात!”

“मग तडा सापडला!” बकुळा म्हणाली. “पाच प्लेअर उगाच परत पाठवलेत, महाराज!”

मग महाराज असे हसले, असे हसले, की पगडी डब्यावर पडली. राणीसाहेबसुद्धा हसल्या, पण तानपुरा खाली ठेवला नाही.

भट्टीची जागा त्याच दिवशी हैबतीच्या नावावर झाली. वर महाराजांनी तो सहा लाखांचा प्लेअर परत मागवून बकुळाला देऊ केला. तिने त्याच्या खोक्यावर टिचकी मारली. थप!

“नको, महाराज. पाणी गार राहायचं नाही ह्यात.”

आता निंबोळगडला रोज संध्याकाळी आधी राणीसाहेब गातात, मग डिस्क. महाराज समोर डोळे मिटून बसतात आणि भीतभीत आवंढा गिळतात. तो मात्र पार भट्टीपर्यंत ऐकू येतो!